साडेसातच्या दवाखान्यावर आईचा संशय

माझ्या आईइतकी संशयी बाई अख्ख्या तेलगावात सापडायची नाही. भाजीवाला वजन करतो तेव्हा ती काट्याकडे बघत नाही, त्याच्या तोंडाकडे बघते. लग्नाची पत्रिका आली की आधी प्रश्न, ह्यांनी आपल्याला कावून बोलावलं असंल? वडील गेल्यापासून ती माझ्याकडेच राहते. जावयावर, म्हणजे माझ्या नवऱ्यावर, तिचा जीव आहे, पण त्याने आणलेल्या गोळ्यांच्या पट्टीवरची तारीख ती शेजारच्या पोरीकडून वाचून घेते. जावई बिचारा हसतो आणि गप्प बसतो.

अशा बाईने रोज संध्याकाळी साडेसातला डॉक्टरांची मालिका बघायची म्हणजे काय होत असेल, तुम्हीच विचार करा.

मी ब्लाउज शिवते. पुढच्या खोलीत माझं मशीन, कापडांचे गठ्ठे आणि भिंतीवर टीव्ही. मालिका लागायची वेळ झाली की पिको-फॉलला साड्या घेऊन आलेल्या बायाही तिथेच टेकायच्या. मालिका शहरातल्या एका मोठ्या दवाखान्याची. सगळीकडे काचेची दारं, कुणाच्या कोटावर डाग म्हणून नाही, आणि पेशंटसुद्धा पावडर लावून झोपलेले. त्यात मुख्य माणसं तीन. एक मोठे सर्जन, सदानकदा खेकसणारे. एक तरुण डॉक्टर, पेशंटच्या खाटेवर बसून हात हातात घेऊन बोलणारा. आणि एक डॉक्टरीण. तिचा जीव त्या खेकसणाऱ्यावर, पण ती ते कुणाला कळू द्यायची नाही. तो समोरून आला की ही फायलीत तोंड घालणार आणि मागे बासरी वाजणार. त्यांची नावं आईने कधी ध्यानात ठेवली नाहीत. तिने आपली ठेवली. खेकशा, गुळचट आणि मुकी.

गल्लीतल्या सगळ्या बायांचा जीव गुळचटावर. तो पडद्यावर आला की एकेकीचा चेहरा असा काही खुलायचा की बघत राहावं. आईचं मात्र त्याच्याशी पहिल्या दिवसापासून वाकडं. हा एवढा गोड बोलतो म्हणजे ह्याच्या पोटात काहीतरी काळं आहे, असं तिचं म्हणणं. खेकशा बरा, त्याचं सगळं तोंडावर तरी आहे. पौर्णिमेला विहारात बाया जमल्या की वंदना झाल्यावर ह्यावरच वाद. सगळ्या एका बाजूला आणि आई एकटी एका बाजूला, आणि माघार घेईल तर ती आई कसली.

तिची बघण्याची तऱ्हाही न्यारी. मागचं संगीत वाढलं की ती रिमोट उचलून आवाज बंद करायची. बाया ओरडायच्या, अहो मावशी, काय चाललंय. ती म्हणायची, आवाजानं माणूस भुलतं, नुसतं तोंड बघा. आणि खरं सांगते, आवाज बंद केल्यावर ती माणसं वेगळीच दिसायची. गुळचट हसायचा, पण नुसत्या ओठांनी. मुकीच्या गळ्याची शीर हलायची. मग मलाही नाद लागला. हात मशीनवर आणि डोळे त्यांच्या तोंडावर.

एका भागात मुकीने एका म्हातारीला सांगितलं की आजी, काही झालेलं नाही, लवकर घरी जाल. आणि बाहेर येऊन जिन्यात बसून ढसाढसा रडली. इकडे सगळ्या बाया पदराने डोळे पुसायला लागल्या. आई म्हणाली, बघा, खोटं बोलली. माझं टाळकंच सरकलं. मी म्हटलं, अगं, धीर द्यायला बोलली ती, आतून किती तुटलीय ते दिसत नाही का तुला? तर म्हणे, पेशंटपुढे हसायचं आणि जिन्यात रडायचं, मग पेशंटनं समजायचं काय? त्यावरून आमचं असं वाजलं की रात्री दोघीही एकमेकींशी न बोलता जेवलो.

तिच्या ह्या स्वभावाला कारण होतं, आणि ते सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. आई-वडील ऊस तोडायला जायचे. दिवाळी झाली की ट्रक यायचे आणि आमची अर्धी वस्ती कोल्हापूर-सांगलीकडे रिकामी व्हायची. मी दुसरीत होते, मावशीकडे राहायचे. त्या वर्षी आई परत आली ती पिशवी काढून. आमच्याकडे गर्भाशय कुणी म्हणत नाही, पिशवी म्हणतात, आणि ती काढली हे बाया दाढ काढल्यासारखं सांगतात. आईची गोष्ट ठरलेली होती. अंगावरून जायचं, पोटात दुखायचं, तिकडच्या एका डॉक्टरला दाखवलं. तो लई गोड बोलला, आक्का म्हणाला, आणि म्हणाला की पिशवी सडलीय, ठेवली तर कॅन्सर होईल. ती उसाच्या फडात जाऊन वडिलांना सांगून आली, वडिलांनी कपाळाला हात लावला, आणि पिशवी गेली.

त्यानंतर तिशीच्या आतच तिचं सगळं आटलं. भर थंडीत घाम फुटायचा. गुडघे गेले, कंबर गेली. मला भाऊ झाला नाही की बहीण. वडिलांना अजून एक लेकरू फार हवं होतं. ते मरेपर्यंत त्या डॉक्टरला शिव्या घालत राहिले, अगदी नाव घेऊन, आणि आई बाजूला बसून खाली मान घालून ऐकायची. अशा बाया आमच्या जिल्ह्यात किती, ह्याचा पुढे फार गाजावाजा झाला. चौकश्या झाल्या, टीव्हीवाले आले. आता पिशवी काढायची तर आधी सरकारी डॉक्टरची परवानगी लागते. त्यामुळे आईने डॉक्टर नावाच्या प्राण्यावर विश्वास ठेवला नाही, तर तिला नावं कोण ठेवणार?

आणि मग गेल्या वर्षी मलाच सुरू झालं.

चाळिशीला आलेली बाई मी, महिन्याच्या महिन्याला सगळं नीट असायचं. ते एकदा आलं आणि थांबायचं नावच घेईना. पायात गोळे यायचे, मशीनचं पायडल मारता मारता डोळ्यांपुढे अंधारी यायची. पण आईला सांगायचं नाही, हे मी ठरवून टाकलं. का, तर तिला तिचं सगळं आठवेल, आणि मग ती मला डॉक्टरची पायरी चढू देणार नाही. नवऱ्याला तेवढं सांगितलं आणि बजावलं की तोंड उघडायचं नाही.

आता ज्या बाईने टीव्हीतल्या डॉक्टरांना सोडलं नाही, ती मला सोडते होय? ती मालिका बघायची सोडून मला बघायला लागली. मी उठले की तिचे डोळे माझ्यामागे. वाळत घातलेले कपडे ती मोजल्यासारखी बघायची. एकदा मला वाटलं तिला कळलं, तर तिने जावयाला बाजूला घेऊन विचारलं, तुमचं दोघांचं भांडण झालंय का. जावई म्हणजे असला नट की विचारू नका. खोटं बोलायला लागला की कान लाल होतात. तो म्हणाला, नाही हो, सगळं मजेत आहे, आणि पाणी प्यायला म्हणून जो गेला तो गावातच निघून गेला. झालं. त्या रात्री आईने माझ्या पलंगाशी येऊन सरळ विचारलं आणि मला सांगावंच लागलं. ती नुसतं म्हणाली की पुढच्या खेपेला मी येते.

तोवर मी नवऱ्याबरोबर बीडला एका डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले होते. त्यांनी सोनोग्राफी केली, आतला तुकडा काढून तपासायला पाठवला. त्याचा रिपोर्ट घ्यायला गेलो तेव्हा आई सोबत होती. एसटीत वडवणीपर्यंत ती खिडकीतून बाहेर बघत बसली, आणि त्यानंतर म्हणाली की बाई गोड बोलती का? मी म्हटलं, बोलते. आईने मान हलवली. तिथेच आमची डॉक्टरीणबाई नापास झाली.

बाई वयाने लहान, माझ्याहूनही लहान. तोंडाला मास्क. मला ताई म्हणाल्या, बसा म्हणाल्या, पाणी विचारलं. मग रिपोर्ट उघडून हळू आवाजात सांगायला लागल्या की पिशवीच्या अस्तरातल्या पेशी बदलायला लागल्यात, आज ते थोडकं आहे, पण थांबलं तर कॅन्सर होईल, पिशवी काढलेली बरी. हे सगळं मी आईच्या गोष्टीत ऐकलेलं. शब्दसुद्धा तेच. पिशवी, कॅन्सर, काढलेली बरी. आईने इतका वेळ बाईंवरची नजर काढली नव्हती. ती म्हणाली, "बाई, त्ये तोंडावरचं काढा, मग बोला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बाईंनी मास्क काढला. चेहरा दमलेला होता, ओठांच्या कडा चिरलेल्या. त्यांनी पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगितलं. सांगताना त्यांची नजर एकदा दाराकडे गेली. मध्येच नर्स आत आली आणि त्यांच्या कानात काहीतरी बोलली, आणि बाई म्हणाल्या, आत्ता नाही, नंतर. बस्स. माझ्या कानात ती मालिकेतली बासरी वाजायला लागली. आत्ता नाही म्हणजे काय? नंतर म्हणजे कधी? त्या दाराकडे का बघत होत्या? बाहेर पेशंटची रांग होती, दुसरं काय असणार, हे मला आज कळतं. त्या दिवशी काही केल्या कळेना.

घरी आल्यावर आईने निकाल दिला. काढायची नाही. आपल्या जिल्ह्यात पिशवीवर धंदा चालतो, ही पोरगी त्यातलीच, गोड बोलती म्हणजे त्यातलीच. नवरा माझ्यावर चिडला, आईवर तर जास्तच चिडला, पण तोंडावर बोलेना. आणि मी? मला खरं खोटं काही समजेना. एक मन म्हणायचं, रिपोर्ट आहे हातात. दुसरं म्हणायचं, आईच्या हातातसुद्धा काहीतरी दिलंच असेल की त्या डॉक्टरनं. सरकारी परवानगी काढायला जायचं, तेही मी आज जाते, उद्या जाते करत राहिले. रक्त जायचं थांबत नव्हतं. लग्नसराईचे ब्लाउज अंगावर होते आणि मी ते शिवत बसले.

त्याच दिवसांत मालिकेने मोठा धक्का दिला. खेकशाने कधीकाळी ऑपरेशनात चूक केली होती आणि तिचा ठपका गुळचटाने स्वतःवर घेऊन तोंड शिवलं होतं. म्हणजे तो गोडवा खराच होता. बायांनी आईला काय चिडवलं म्हणता! अहो मावशी, आता काय म्हणणं तुमचं? आई म्हणाली, "मालिका अजून संपली न्हाई." आणि फणकाऱ्याने आत निघून गेली.

मग एका दुपारी माझा फोन वाजला. तो स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला होता, मी इकडे एका बाईचं माप घेत होते. आईने तो उचलला आणि मागच्या दाराने बाहेर गेली. मापाची टेप हातात घेऊन मी खिडकीतून बघितलं. ती पाण्याच्या टाकीजवळ उभी राहून ऐकत होती. मध्येच मान डोलवायची, मध्येच काहीतरी विचारायची. बराच वेळ गेला. आत आली तेव्हा मी विचारलं, कुणाचा फोन? तर म्हणे राँग नंबर. मी मनात म्हटलं, वा गं बाई, राँग नंबरशी एवढ्या गप्पा? पण ते गिऱ्हाईक घाईत होतं, आणि मला मेलीला तेव्हा कुठल्याच गोष्टीचा पिच्छा पुरवायची ताकद नव्हती.

त्या संध्याकाळी कुणी आलेलं नव्हतं, घरात आम्ही दोघीच. मालिका ऐन रंगात आली होती, मुकी शेवटी खेकशाला मनातलं सांगायला म्हणून त्याच्या केबिनचं दार ढकलत होती, आणि आईने टीव्ही बंद केला. आवाज नव्हे, अख्खा टीव्ही. असं तिने आजवर कधी केलं नव्हतं. मी मशीन थांबवलं.

"मला त्या डॉक्टरनं फसवलं न्हाई," आई म्हणाली.

कुठल्या डॉक्टरनं, हे विचारायची गरज नव्हती.

"त्यो न्हाईच म्हनत व्हता. आक्का, तुजं वय न्हाई, गोळ्या घे, पिशवीला कायबी झालं न्हाई, म्हनला. मीच त्याच्या पाया पडले. काढा म्हनले."

मग तिने सांगितलं, टीव्हीच्या काळ्या काचेकडे बघत, एका सुरात. फडात ते चार दिवस म्हणजे काय असायचं. धुवायला पाणी नाही, बसायला आडोसा नाही, आणि डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रकच्या फळीवरून चढायचं. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यातलं एक जरी बसलं तरी दोघांचा खाडा, म्हणजे दिवस बुडाला आणि वर कापूनही घेणार. मुकादम सगळ्या गड्यांच्या देखत विचारायचा, ही आज कावून बसली? दर महिन्याला तेच. तिला त्याची इतकी लाज बसली, इतकी बेजार झाली ती, की टोळीतल्या दुसऱ्या बायांनी काढली तशी आपणही काढून टाकू, सुटू एकदाचं, असं तिने ठरवलं. आणि वडिलांना तर लेकरू हवं होतं.

"तुज्या बापाला काय सांगू? घातलं डॉक्टरच्या नावावर. मग त्येच सांगत राहिले." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "माज्या डॉक्टरनं खरं सांगितलं तर मी ऐकलं न्हाई. तू तरी ऐक."

मला तिची दया आली, असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला संताप आला. वडील उभा जन्म एका निर्दोष माणसाला शिव्या देत मेले, ही शेजारी बसून ऐकत राहिली. मला एकटीला वाढवलं, एकटीने खेळायला लावलं. आणि वर माझ्या डॉक्टरीणबाईला खोटारडी ठरवून माझे एवढे दिवस घालवले. तोंडाला येईल ते मी बोलले, नको नको ते बोलले. ती खाली मान घालून बसून राहिली, वडिलांपुढे बसायची तशी. शेवटी मी म्हटलं, उद्याच जाते मी, आणि तू येऊ नकोस. ती आलीच, ते सोडा. सरकारी दवाखान्यातल्या बाकावर परवानगीसाठी माझ्याबरोबर बसली, कुणाशी वाद घातला नाही, कुणाला मास्क काढायला लावला नाही.

ऑपरेशन झालं. तपासणीचा रिपोर्ट आला. कॅन्सरची सुरुवात झालेली होती, पण पिशवीतच होती, बाहेर कुठे गेलेली नव्हती. डॉक्टरीणबाई संध्याकाळच्या फेरीला आल्या, खाटेशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की ताई, वेळेवर आलात. मी म्हटलं, आम्ही तर उशीर केला. तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही येईनात म्हणून मी फोन केला होता. तुमच्या आईंनी उचलला. सारखं विचारत होत्या, खरंच काढायला पाहिजे का. मी म्हटलं, अजून थांबलात तर हाताबाहेर जाईल. तेव्हा म्हणाल्या, मी आणते तिला, कशी आणायची ते माझं मी बघते."

बाई पुढच्या खाटेकडे गेल्या.

तोच तो राँग नंबर. दुपारी हा फोन, आणि संध्याकाळी टीव्ही बंद करून ती गोष्ट. माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं, आणि लगेच सगळं काळोखातही गेलं. तिला माहीत होतं की मी कुणाच्या सांगण्यानं हलणार नाही. डॉक्टर फसवतात हे मी तिच्याच गोष्टीवरून शिकले होते. मला दवाखान्यात न्यायचं तर आधी ती गोष्टच मोडायला पाहिजे होती. मग तिने काय खरं सांगितलं? की मला उठवण्यासाठी त्या डॉक्टरला सोडून दिलं आणि सगळा दोष स्वतःच्या डोक्यावर घेतला?

आई डबा घेऊन आली. खाटेच्या कडेला बसून मोसंबं सोलायला लागली. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले, जेवढं तिच्याकडून शिकले होते तेवढं सगळं लावून बघितलं. काही म्हणजे काही दिसेना. दमलेली एक बाई मोसंब्याच्या बिया काढत होती.

मी विचारलं, "आई, त्या दिवशी सांगितलंस ते खरं होतं का गं?"

तिने वर बघितलं नाही. फोडीवरची पांढरी साल काढत म्हणाली, "तू आलीस न्हवं?"

"आले. पण खरं होतं का?"

"मग झालं की," ती म्हणाली, आणि फोड माझ्या तोंडाशी धरली.

खरं असेल तर एवढी वर्षं ती ते एकटीने गिळून बसली होती, आणि खोटं असेल तर तिच्याजवळ असलेला एकुलता एक राग तिने माझ्यासाठी टाकून दिला, आणि वर माझ्या शिव्या खाल्ल्या. दोन्हीतलं काहीही असो, मला ते सोसवेना. मी तिचा हात धरला, तिच्या मांडीत तोंड खुपसलं आणि हमसून हमसून रडायला लागले. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला.

"हळू रड," ती म्हणाली. "टाके ताणतील."